काढून टाकण्यास हरकत नाही

कॉलेज रोडवरच्या एका हॉलमध्ये वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन लागलं होतं. वाडे, बारवा, गोदाकाठचे घाट, एक-दोन जुन्या गिरण्या. कोपऱ्यातलं एक पॅनेल मात्र पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्याच्या इमारतीचं होतं, छापील नकाशे आणि जुन्या फोटोंवरून काढलेलं. काम नेटकं होतं. विटांचे थर मोजलेले, छपराच्या कैच्या बरोबर, दारं-खिडक्या जागच्या जागी. तीन बाजूंना दीड-दोन फूट जाडीच्या भिंती आणि चौथ्या बाजूला हलक्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पातळ पत्रा. त्या पत्र्याकडे बाण काढून बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘हलक्या दर्जाची, बहुधा नंतर घातलेली. काढून टाकण्यास हरकत नाही.’ येणारेजाणारे ते वाचून पुढच्या वाड्याकडे सरकत होते.

ती ओळ डोक्यातून जाईना. ज्यानं किंवा जिनं ती लिहिली त्याला दोष देऊन भागण्यासारखं नाही, कारण आपली सगळ्यांचीच नजर तशी घडलेली आहे. नाशिकमध्ये जुनी वास्तू म्हणजे सरकारवाडा, म्हणजे कोरीव सागवानी खांब, घडीव बेसॉल्टचं जोतं, चुन्याची घोटीव भिंत. जे भक्कम ते मूळ आणि जे तकलादू ते नंतरचं, हा हिशोब वाड्याच्या बाबतीत दहापैकी नऊ वेळा बरोबर येतो. दारूगोळ्याच्या इमारतीत तोच हिशोब बरोबर उलटा करावा लागतो. तिथे चौथी भिंत कच्ची असते ती नकाशावर आखून, सही-शिक्क्यानिशी कच्ची ठेवलेली असते.

कारण साधं आहे. आत स्फोट झाला की तयार होणारा वायू कुठून तरी बाहेर पडणारच. चारही भिंती आणि छप्पर सारखेच जाड असतील तर दाब वाढत जातो, आणि शेवटी सगळी इमारत फुटून तिच्या विटा-दगडांचेच गोळे होऊन चहूकडे सुटतात. म्हणून कुकरच्या झाकणावर जशी एक वितळणारी गुंडी मुद्दाम दुबळी ठेवतात तशी इथे एक बाजू आणि छप्पर दुबळं ठेवायचं. तीन जाड भिंती शेजारच्या खोलीला, रस्त्याला, कामगारांच्या वाटेला सांभाळतात. चौथी पातळ भिंत मोकळ्या रानाकडे किंवा मातीच्या बांधाकडे तोंड करून असते आणि ती आधी उडते. छप्परही तसंच : हलक्या फळ्यांवर डांबरी फेल्ट, पुढे पुढे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे. लोखंडी तुळया आणि जड कौलं टाळायची, कारण ती वर उडून परत खाली येतात. दारं बाहेर उघडणारी, आत माणूस असताना कुलूप-कडी न लावण्याची. खिडकीच्या काचेत बुडबुडा राहिला तर ती भिंगासारखी ऊन एकवटते, म्हणून उन्हाच्या बाजूच्या काचा पांढऱ्या रंगवलेल्या किंवा खरवडून अंध केलेल्या. डागडुजी करताना हौशी माणूस तो पांढरा रंग पहिल्यांदा खरवडून काढतो, हे वेगळं सांगायला नको.

ती भिंत काढली तर मागे राहतं ते तीन भिंतींचं एक बिनकामाचं शेड.

ही समज एका दिवसात आलेली नाही, आणि ती येण्याआधी काय होतं ते पाहायला नाशिक जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. किल्ल्यांवरची दारूकोठारं बघा. जाड दगडी भिंती, कमानीचं किंवा घुमटाकार छत, हवेसाठी एखादं आडवळणाचं भोक, एक बुटकं दार. त्या बांधणीतली सगळी भीती बाहेरची आहे. शत्रूचा गोळा आत येऊ नये, ठिणगी उडून पडू नये, पावसाचं पाणी दारूला लागू नये. कोठार आतून उडालं तर काय, याचा विचार त्या दगडांत दिसत नाही. १८१८ साली इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा नारो शंकरांनी बांधलेल्या त्या तटाशी त्यांना बराच झगडा करावा लागला. किल्ल्यातल्या अरब शिबंदीनं दाद दिली नाही. शेवटी बाँबगोळ्यांच्या माऱ्यात आतला दारूसाठा उडाला, आतल्या तटाचा एक भाग खंदकात कोसळला आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला. जे काम बाहेरच्या तोफांना जमत नव्हतं ते आतल्या दारूनं केलं. किल्ल्याचा तट जेवढा पक्का तेवढं आतल्या स्फोटाचं ओझं त्यालाच.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत भीतीची दिशा फिरली. इंग्लंडात १८७१ साली स्टोमार्केटचा गनकॉटनचा, म्हणजे आम्लप्रक्रियेनं स्फोटक केलेल्या कापसाचा, कारखाना उडाला, १८७४ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कजवळच्या कालव्यात दारूची एक नाव उडाली, आणि १८७५ साली तिथे स्फोटकांचा कायदा झाला. आपल्याकडचा १८८४ चा कायदा त्याच वळणाचा. खदानीत सुरुंगासाठी लागणाऱ्या स्फोटकांच्या साठ्याला आजही ज्या परवान्याची गरज पडते त्याचं मूळ तिथे आहे. किती माल, कशापासून किती अंतरावर, किती माणसं, दरवाजावर कोणती पाटी. पाटीवर दोनच आकडे महत्त्वाचे असतात : ‘मॅन लिमिट’ आणि ‘एक्स्प्लोझिव्ह लिमिट’, म्हणजे खोलीत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं आणि किती स्फोटक. आयुध निर्माणीत डेंजर बिल्डिंग वर्कर, म्हणजे धोक्याच्या इमारतीतला कामगार, म्हणून नोकरी केलेल्या कुणालाही हे दोन आकडे स्वतःच्या जन्मतारखेसारखे पाठ असतात. खोलीत चौघांची मर्यादा असेल आणि पाचवा साहेब तपासणीला आला, तर आधी एकानं बाहेर जायचं आणि मगच साहेबानं आत यायचं.

पण कायदा कागदावर असणं आणि युद्धाच्या घाईत तो पाळला जाणं यांत फरक पडतो. १९१५ च्या वसंतात पश्चिम आघाडीवर ब्रिटिश तोफांना गोळे पुरेनासे झाले, त्यावरून सरकार हादरलं आणि लॉइड जॉर्जच्या हाताखाली स्वतंत्र दारूगोळा मंत्रालय उभं राहिलं. एका-दोन वर्षांत उभ्या शेतांत कारखाने उगवले. स्कॉटलंडच्या सीमेवरचा ग्रेटनाचा कॉर्डाइटचा, म्हणजे तोफेतून गोळा ढकलणाऱ्या दारूचा, कारखाना सुमारे ९ मैल लांबीचा होता. एवढा लांब कशाला, तर प्रत्येक धोक्याची इमारत दुसरीपासून दूर हवी म्हणून. त्यासाठी लागणारं नायट्रोग्लिसरीन हे द्रव स्फोटक बनवण्याची जागा टेकाडावर, कारण तो द्रव पंपानं ढकलायचा नसतो. शिशाच्या पन्हळींतून, उतारानं, आपल्या वजनानं त्यानं खालच्या इमारतीत जायचं. ते ज्यात तयार होई त्या भांड्यावर थर्मामीटर बघत बसणाऱ्या माणसाला एका पायाचं स्टूल असे. डुलकी लागली की तो पडणार आणि जागा होणार. बाकी सगळ्या यंत्रणेपेक्षा त्या स्टुलावर जास्त भरवसा होता असं म्हणायला जागा आहे.

अंतराची किंमत न मोजल्याचे दाखलेही त्याच काळातले. लंडनच्या पूर्वेला सिल्व्हरटाउनमध्ये एका सोड्याच्या कारखान्यात, दाट वस्तीला लागून, टीएनटी हे गोळ्यांत भरायचं स्फोटक शुद्ध करण्याचं काम सुरू केलं गेलं. १९ जानेवारी १९१७ रोजी तिथे आग लागून सुमारे ५० टन टीएनटी उडालं आणि ७३ माणसं गेली. फॅव्हरशॅमला २ एप्रिल १९१६ रोजी रिकाम्या पोत्यांना लागलेली आग टीएनटीच्या साठ्यापर्यंत पोचली आणि शंभरावर माणसं मेली. चिलवेलच्या भरण कारखान्यानं युद्धात १ कोटी ९० लाखांच्या आसपास गोळे भरले. तिथे १ जुलै १९१८ रोजी संध्याकाळी ८ टन टीएनटी उडालं, १३४ माणसं गेली आणि त्यांतल्या फक्त ३२ जणांची ओळख पटली. या तिन्हींत माल, रचना, कारण वेगवेगळं आहे. पण तपास करणारे पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नाशी येऊन थांबले की काय कशाच्या किती जवळ होतं.

याचं गणित घनमुळाचं आहे, आणि ते समजलं की अशा कारखान्याचा नकाशा वाचता येतो. नाटोच्या नियमांत मोठ्या साठ्यासाठी वस्तीपासूनचं अंतर मीटरमध्ये काढायला किलोमधल्या स्फोटकाचं घनमूळ घेऊन त्याला २२.२ नं गुणतात. ८,००० किलोचं घनमूळ २०, म्हणजे अंतर ४४४ मीटर. साठा आठपट करा, ६४,००० किलो, तर घनमूळ ४० आणि अंतर ८८८ मीटर. माल आठपट, अंतर दुप्पट. ऐकायला हा स्वस्तातला सौदा वाटतो. पण त्या अंतराचं वर्तुळ काढून क्षेत्रफळ मोजा : पहिल्या वर्तुळात सुमारे ६२ हेक्टर जमीन अडकते आणि दुसऱ्यात सुमारे २४८ हेक्टर. एका साध्या शेडसाठी. म्हणून दारूगोळा कारखान्यात इमारतींखाली जागेचा अगदी थोडा हिस्सा असतो आणि उरलेलं सगळं रान दिसतं. ते रान रिकामं पडलेलं नसतं. त्याच्या रुंदीचा प्रत्येक मीटर कुणीतरी कागदावर काढलेला असतो, आणि इमारत पाडून ते रान ठेवलं तर कारखान्याचा अर्धा अर्थ वाचता येतो. इमारत ठेवून रान विकलं तर काहीच वाचता येत नाही.

मधल्या मातीच्या बांधाला कारखान्यात ट्रॅव्हर्स म्हणतात. त्याच्याबद्दलही एक गैरसमज सर्रास आहे. बांध स्फोटाचा धक्का अडवत नाही. हवेतली लाट बांधाच्या माथ्यावरून वळून पलीकडे जाते. बांध अडवतो ते जमिनीलगत वेगानं सुटणारे तुकडे, जे शेजारच्या साठ्याला लागले तर एकाचे दोन स्फोट होतात. त्यासाठी माथा आतल्या साठ्याच्या उंचीच्या वर हवा आणि माथ्यावर निदान मीटरभर रुंदी हवी. बाजूंचा उतार दोनास तीन धरला, म्हणजे दोन मीटर चढायला तीन मीटर जागा, तर तीन मीटर उंच बांधाचा तळ दहा मीटर होतो. एका धावत्या मीटरला साडेसोळा घनमीटर माती लागते. साठ मीटर लांबीला हजार घनमीटरच्या आसपास, म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या शंभर खेपा. एका इमारतीच्या एका-दोन बाजूंना. युद्धकाळातले फोटो बघताना शेडपेक्षा या मातीकडे बघावं. तेवढी माती फावड्या-घमेल्यांनी आणि ढकलगाड्यांनी हलवलेली होती.

आणि माती कुठलीही चालत नाही. बांधाच्या आतल्या तोंडाच्या थरातून दगडगोटे चाळून काढावे लागतात, कारण स्फोटात तेच गोळ्यांसारखे सुटतात. आपल्याकडच्या मुरमात बेसॉल्टचे तुकडे असतात, तेव्हा चाळणी आलीच. काळी माती दगडाविना मिळते, पण ती चैत्र-वैशाखात तडकते, आषाढात फुगते आणि तिसऱ्या पावसाळ्यात उतारावरून घसरते. मग बांधाची उंची हातभर कमी झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण त्यावर गवत छान हिरवं असतं. आत मुरूम, वर चाळलेल्या मातीचा थर, वर गवत, पायथ्याला इमारतीपासून पाणी दूर नेणारी गटार, आणि दर उन्हाळ्यात माथ्याची लेव्हल तपासणं, असा तो संसार आहे. बांधात वाट ठेवली तर त्या वाटेसमोर दुसरा आखूड बांध घालावा लागतो, नाहीतर सगळा खटाटोप त्या एका फटीतून वाया जातो. नाशिकच्या आसपासच्या खदानींवर मॅगझिनभोवती, म्हणजे स्फोटकांच्या कोठाराभोवती, असे बांध असतात. ज्यांना या बांधकामाची भाषा शिकायची आहे त्यांनी रीतसर परवानगी काढून आधी तिथला एखादा बघावा. विलायतेतले फोटो मागाहून.

आतल्या बाजूला भीती ठिणगीची. इमारतीत शिरण्याआधी कपडे बदलण्याची जागा असते, शिफ्टिंग हाउस. तिथे गुडघ्याएवढ्या उंचीची लाल रंगाची आडवी फळी. अलीकडे बाहेरचे बूट काढायचे, फळीवर बसून पाय पलीकडे टाकायचे आणि पलीकडे ठेवलेले आतले बूट घालायचे. पाय कुठल्याही कारणानं अलीकडे टेकला की पुन्हा पहिल्यापासून. खिसे नसलेले कपडे, काड्यापेटी-विडी दारावर जमा, केसांत पिना नाहीत, बोटात अंगठी असेल तर काढायची, निघत नसेल तर चिकटपट्टी गुंडाळायची. आतली जमीन अस्फाल्टची, सांध्याविना, कारण सांध्यात दारूची भुकटी साठते. भिंतीचे कोपरे गोलवलेले, कारण काटकोनात फडकं पोचत नाही. दिवे आत लावत नाहीत. खिडकीबाहेर पेटीत दिवा ठेवून उजेड काचेतून आत सोडायचा. शेकोटी-चूल नाही, दूरच्या बॉयलरमधून नळानं आणलेली वाफ. दारात भिंतीला तांब्याची पट्टी, जमिनीत अर्थ केलेली. हात लावून अंगातली स्थिर वीज सोडायची आणि मग आत जायचं. पुण्या-नाशिककडच्या एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर आली की या पट्टीचं मोल कळतं. दमट लंडनमध्ये जो नियम सवयीनं पाळला जातो तो पठारावर जिवावर बेततो.

रसायनाचा भाग त्याहून नाजूक. काळ्या दारूच्या इमारतीत अवजारं तांब्याची, पितळेची, लाकडाची, कारण ती आपटली तरी ठिणगी पडत नाही. तेच तांबं लेड अझाइड या स्फोट सुरू करून देणाऱ्या स्फोटकाच्या खोलीत नेलं तर ओलाव्यात कॉपर अझाइड तयार होतं, आणि ते लेड अझाइडपेक्षाही चिडकं. तिथे ॲल्युमिनियम. टीएनटीत अमोनियम नायट्रेट मिसळून केलेल्या अमाटॉलच्या कामातही तांबं-पितळ दूर. पिक्रिक आम्ल या पिवळ्या स्फोटकाच्या इमारतीत शिसं नको : शिशाचा नळ नको, शिशाचा पांढरा रंग नको, कारण त्यातून लेड पिक्रेट हे फार चिडकं स्फोटक होतं. पिक्रिक आम्लाला चुनाही चालत नाही. जुन्या वास्तूंची डागडुजी करणाऱ्या आपल्या मंडळींचा चुन्यावर फार जीव. सिमेंट काढा, चुना लावा, हा वाड्यासाठी योग्य सल्ला आहे. पण भिंतीच्या भेगांत पिक्रिक आम्ल मुरलेल्या इमारतीला तोच सल्ला दिला तर कॅल्शियम पिक्रेटची सोय आपण स्वतःच्या हातानं करून देतो. टीएनटीसुद्धा अल्कलीशी जुळवून घेत नाही. तेव्हा पहिला नमुना प्रयोगशाळेत आणि मग थापी हातात, हा क्रम इथे बदलता येत नाही.

भरणाची इमारत वेगळी ओळखू येते. टीएनटी ८१ अंशांच्या जरा खाली वितळतं, म्हणून ते वाफेच्या आवरणाच्या भांड्यात पातळ करून गोळ्यात ओततात. अनेक ठिकाणी भांडी वरच्या मजल्यावर आणि गोळे खाली. अशा पडीक इमारतीत वरच्या जमिनीत ओळीनं गोल भोकं दिसली तर ती यंत्र उखडल्याची नव्हेत, ओतण्याची आहेत. टीएनटी थिजताना दहा टक्क्यांहून जास्त आकसतं. बाहेरचा थर आधी घट्ट झाला तर मध्ये पोकळी राहते, आणि तोफेतून सुटताना बसणाऱ्या धक्क्यानं पोकळीवरची दारू खाली आपटून गोळा नळीतच फुटू शकतो. म्हणून तोंडावर नरसाळं ठेवून जास्तीचा माल भरून ठेवतात, हळूहळू थंड करतात, वरून वितळलेलं परत खाली झिरपू देतात. खोलीचं तापमान, दाराची दिशा, वाऱ्याचा झोत या सगळ्याचा गोळ्यातल्या त्या पोकळीशी संबंध आहे. देवळालीच्या रेंजवरून तोफेचा आवाज भगूर-नाशिकरोडपर्यंत येतो तेव्हा त्या आवाजामागे कुठल्या तरी भरण इमारतीतला हा थंड होण्याचा वेळ असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफखान्याची शाळा, आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून देवळालीला आली. नाशिकनं दारूगोळ्याचं हे एक टोक पाऊणशे वर्षं ऐकलेलं आहे, दुसरं टोक फारसं पाहिलेलं नाही.

दुसरं टोक तसं लांब नाही. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, तिच्या शेजारची एचई (हाय एक्स्प्लोझिव्ह्ज) फॅक्टरी १९४० ची. १९१७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ सर थॉमस हॉलंड यांच्या हाताखाली इंडियन म्युनिशन्स बोर्ड नेमलं गेलं आणि युद्धसामग्री इथे किती बनू शकते याचा पहिल्यांदा पद्धतशीर हिशोब झाला. दुसऱ्या युद्धात जपानी विमानं कलकत्त्यावर येतील या धास्तीनं पूर्वेकडची यंत्रसामग्री देशाच्या आतल्या भागात हलवली गेली. कटनीची निर्माणी १९४२ ची, ती त्याच धावपळीतली. रेल्वेचा जंक्शन, पाणी, समुद्रापासून लांबी आणि भरपूर माळरान, या चार गोष्टींवर जागा ठरल्या. महाराष्ट्र-मध्य प्रदेशातल्या निर्माण्यांचा नकाशा समोर ठेवला की त्यात रेल्वेचा नकाशा आपोआप दिसतो.

या सगळ्या काळजीचा उलटा पुरावा मुंबईनं दिला. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ उडालं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि कापसाच्या गाठीही होत्या. दारूगोळा कारखान्यात ज्या वस्तू भिंत, बांध आणि शेकडो मीटर रान घालून एकमेकींपासून तोडलेल्या असतात त्या जहाजात एकमेकींना खेटून होत्या, आणि ते जहाज शहराला खेटून. युद्धकाळात नियम मोडले जातात ते असे, कुणी दुष्टपणानं मोडत नाही. जागा कमी, ताफा निघायचा, कापूस पोचवायचा.

आपल्याकडच्या वास्तूंची एक गंमत अशी की त्या वारसा व्हायला अजून मोकळ्याच झालेल्या नाहीत. दीडशे वर्षांनंतर खडकी चालू आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया लिमिटेड पुण्यात आली, पण तारेच्या कुंपणाच्या आत जाऊन फोटो काढायला अजूनही कुणी सोडणार नाही आणि सोडूही नये. धोका इतिहासजमा झालेला नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडारातला २०१६ चा आणि भंडाऱ्याच्या निर्माणीतला २०२५ चा स्फोट आठवावा. त्यामुळे अभ्यासकाला परदेशी नकाशांवर अवलंबून राहावं लागतं आणि मग चौथ्या भिंतीपाशी गफलत होते.

परदेशातही फार काही उरलं असं नाही. धोक्याची इमारत बंद करताना ती धुऊन भागत नाही. लाकडात नायट्रोग्लिसरीन मुरलेलं असतं, गटाराच्या सांध्यात टीएनटी थिजलेलं असतं, फरशीखाली काय गेलं ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून कित्येक इमारती रीतसर पेटवून दिल्या गेल्या. निर्धोक करण्याची तीच खात्रीची पद्धत होती. जे उरलं ते बहुतेक ऑफिस, बॉयलरघर, कॅन्टीन, म्हणजे ज्यांत दारू कधी गेलीच नाही अशा भक्कम इमारती. वारसा यादीत त्याच येतात. स्कॉटलंडमधल्या बिशपटनच्या निर्माणीची जमीन स्वच्छ करून तिथे घरं झाली. एसेक्समधल्या वॉल्थम ॲबेची सरकारी दारूगिरणी १९९१ मध्ये बंद झाली, आणि तिथे मात्र रान, कालवे, बांध आणि इमारती एकत्र राहिल्या. कोळशासाठी लावलेल्या अल्डरच्या झाडांवर बगळ्यांनी वसाहत केली आणि निसर्गाच्या कायद्यानं ती जागा राखली गेली. इमारतींच्या मधली मोकळी जागा तिथे टिकली यात बगळ्यांचा वाटा वास्तुतज्ज्ञांपेक्षा कमी नाही. देवळाली-नाशिकरोडच्या लष्करी रानात बिबट्या का टिकतो, याचं उत्तरही साधारण याच जातीचं आहे.

हे सगळं राखावंच का, हा प्रश्न उरतो आणि तो टाळू नये. या इमारतींत बनलेल्या मालानं माणसं मारली, तोच त्यांचा उपयोग होता. आणि त्याच इमारतींत आतल्या माणसाला वाचवण्यासाठी जितका विचार झाला तितका त्या काळच्या कापडगिरणीत किंवा कोळशाच्या खाणीत क्वचित झाला असेल. टीएनटी हाताळून कातडी पिवळी पडलेल्या मुलींना ब्रिटनमध्ये कॅनरी म्हणत, त्यांच्या यकृताचं काय होतंय याची काळजी दाराच्या कडीइतकीही कुणी सुरुवातीला घेतली नाही. स्फोटाचा बंदोबस्त आधी झाला कारण स्फोटानं उत्पादन थांबतं. लीड्सजवळच्या बार्नबोच्या भरण कारखान्यात ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री ४२ नंबरच्या खोलीत ३५ बायका गेल्या आणि काही तासांत तिथेच काम पुन्हा सुरू झालं. जाड भिंती कुणासाठी जाड होत्या, या प्रश्नाची दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि इमारत समोर असली तर दोन्ही दिसतात. कागदावर सहसा एकच दिसतं.

तेव्हा मोजणी करायची वेळ येईल तेव्हा टेप आधी इमारतीच्या बाहेर लावावी. शेजारच्या इमारतीपर्यंतचं अंतर, बांधाचा तळ, माथा आणि उंची, बांधाची फट कुठे आणि तिच्यासमोर काय. मग चारही भिंतींची जाडी वेगवेगळी नोंदवावी. एका भिंतीवरून बाकीच्या तीन धरू नयेत. छपराचे पत्रे कशानं धरलेत ते बघावं, ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच, मास्क लावून आणि पत्रा न फोडता. दाराची बिजागरी कुठल्या बाजूला, विजेचा निवारक इमारतीला जोडलेला की वेगळ्या खांबावर, दिव्याच्या पेट्या बाहेर आहेत का, जमिनीत रूळ असतील तर कुठल्या धातूचे. रंगाचे थर खरवडायचे नाहीत, गटाराचं झाकण उचलायचं नाही, सांध्यात सळई घालायची नाही. पिवळट डाग दिसला तर त्याला हात न लावता जागा लिहून ठेवायची आणि बाहेर पडायचं. दारावरच्या पाटीवरचे दोन आकडे वाचता येत असतील तर ते नकाशाच्या कोपऱ्यात न टाकता त्या खोलीच्या मध्यभागी लिहावेत. त्या आकड्यांवरूनच भिंतीची जाडी, बांधाची उंची आणि बाहेरच्या रानाची रुंदी ठरलेली होती. बांधाच्या उतारावर बाभळी उगवल्या असतील तर मोजणीपुरत्यासुद्धा मुळासकट उपटू नयेत. वरून छाटाव्यात, नाहीतर पुढच्या पावसात माथा खाली येतो.